रांगोळीतला रानरस्ता

डिसेंबर लागला की सर्जापूर रोडवरच्या आमच्या या उंच इमारतीखाली एक बाई अवरेकाईचं पोतं उघडून बसते. अवरेकाई म्हणजे पावट्याच्या जातीतल्या शेंगा. पण बेंगळुरात वाढलेल्या माणसाला तसं सांगायला गेलात तर तो तुमच्याकडे दयेने बघेल. या शेंगांना थंडीत एक वास सुटतो, तेलकट, हिरवा, थोडा उग्र. कन्नडात त्याला ‘सोगडु’ म्हणतात. मराठीत त्याला शब्द नाही, आणि या वयात मी तो शोधत बसणारही नाही. सोलताना तो वास बोटांना चिकटतो, संध्याकाळपर्यंत जात नाही. माझी सून पुण्याची आहे, ती हात धुऊन धुऊन कंटाळते. मी मुद्दाम धूत नाही.

परवा अशीच शेंगा सोलत बसले होते आणि समोर मुलगा नि सून नाताळच्या सुट्टीत जंगलात जायचं ठरवत होते. चहा निवायच्या आत सगळं ठरलं की हो. रस्ता फोनने सांगितला, खोली फोनने दिली, वाटेत कुठे काय खायचं तेही फोनने सांगितलं. “आई, तुम्ही येणार ना?” म्हणून सुनेने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, तुमचं ठरलं कधी ते मला कळलंच नाही. ती हसली. पण मला खरोखरच कीव आली दोघांची. ज्या प्रवासाची वाट बघायला मिळत नाही, तो प्रवास अर्धा आधीच संपलेला असतो. आमच्या घरात एकदा अवरेकाईचा सबंध हंगाम एका प्रवासाची तयारी करण्यात गेला होता. साठ-एकसष्ट साल असेल. मी तेव्हा फ्रॉक सोडून परकरावर आलेली पोर.

चामराजपेटेत आमचं घर होतं. घरासमोर लाल गिलाव्याचा गुळगुळीत ओटा, आणि ओट्याखाली लगेच रस्ता. आमची माणसं या गावात किती पिढ्यांपासून आहेत ते आम्हालाच नीट सांगता येत नाही. आमच्या मराठीत भाजीत ‘स्वल्प’ मीठ पडायचं, म्हणजे कन्नड इतकं मुरलेलं असायचं की कुठला शब्द कुणाचा याचा हिशेब कुणी ठेवत नसे. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो, थोरल्या बहिणीला अक्का. अण्णा सरकारी कचेरीत होते. स्वभावाने इतके मऊ की कुणी काही म्हटलं तरी “सरी, सरी”, म्हणजे बरं, बरं म्हणायचे आणि पेपर उघडायचे. घरातला शब्द चालायचा तो त्यांच्या थोरल्या बहिणीचा, आमच्या आत्याचा. तिचे यजमान लवकर गेले, तेव्हापासून ती आमच्याकडेच. पंचांग, सोवळं, लोणच्याची बरणी आणि माझी आई, या चार गोष्टींवर तिची नजर असे.

आई खानापूरच्या पलीकडची. तिचं गाव म्हणजे भाताची खाचरं, फणसाची झाडं आणि चहूबाजूंनी रान. लग्न बेंगळुरातच झालं होतं. मुलीला इकडे आणून लग्न लावून दिलेलं. त्यामुळे सासरच्या एकाही माणसाने तिचं माहेर पाहिलेलं नव्हतं. आई माहेरी जायची ती आमचा मामा न्यायला आला की, आगगाडीने, आम्हा पोरींना घेऊन. अण्णांना रजा मिळत नसे, आणि आत्या तर म्हणायचीच, तिथे काय बघायचं, माकडं नि अस्वलं. हे ती वाईट मनाने म्हणत नव्हती. पण वर्षानुवर्षं तेच तेच ऐकलं की चांगल्या मनाचाही काटा होतो. भाजीत तिखट जास्त पडलं की रानातली चव, आई मोठ्याने हसली की रानातलं हसणं. आई तेव्हा पदर खोचून कामाला लागे.

त्या वर्षी मामा आला तो आजोबांचा निरोप घेऊन. आजोबा थकले होते. त्यांनी एवढंच सांगून पाठवलं होतं की डोळे मिटायच्या आत एकदा तरी मुलीच्या सासरच्या माणसांचे पाय माझ्या उंबऱ्याला लागू देत. मामाने हे ओट्यावर बसून, मान खाली घालून सांगितलं. अण्णांनी पेपर खाली ठेवला आणि पहिल्यांदाच “सरी” म्हणण्याआधी थोडं थांबले. मग म्हणाले, नाताळच्या सुट्टीत येतो, सगळेच येतो. आत्या आतून म्हणाली की मला त्यात धरू नका. मामा तेवढा शब्द घेऊन परत गेला.

आगगाडीने जायचं नाही, गाडीने जायचं, हे आईने ठरवलं. आमच्याकडे एक काळी विलायती मोटार होती, बसवनगुडीतल्या एका डॉक्टरांनी नवी घेतल्यावर त्यांच्याकडून आलेली. ती दर रविवारी देवळापर्यंत जायची आणि दमायची. पण आईचं म्हणणं होतं की आगगाडीने गेलं तर माळ दिसतो आणि रान झोपेत निघून जातं. शिमोग्यावरून, सागर, शिरसी, यल्लापूर असं गेलं तर दोन दिवस नुसत्या झाडांखालून जाता येतं. बघायचंय ना माझं रान, मग नीट बघा, असं ती म्हणाली. तेवढ्या एका वाक्यात तिच्या लग्नानंतरची सगळी वर्षं होती, हे आता कळतं.

आणि मग तयारी सुरू झाली. काय सांगू! आई रोज सकाळी ओट्यावर रांगोळी काढायची, तशी सगळ्याच बायका काढतात. पण त्या हंगामात तिने कमळं नि वेली सोडल्या आणि रस्ता काढायला लागली. ओट्याच्या एका कोपऱ्यात चामराजपेट, तिथून तुमकूर, अर्सीकेरे, मग वर शिमोगा, आणि पार दुसऱ्या टोकाला, उंबरठ्याजवळ, खानापूर. मुक्कामाच्या जागी हळदीचा ठिपका, पेट्रोल मिळेल तिथे कुंकवाचा. चढ असेल तिथे कॉफीचा चोथा पसरायची. दुपारपर्यंत शेजारची पोरं, दूधवाला आणि आमचीच पावलं मिळून तो रस्ता पुसून टाकायची. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा काढायची, आणि दर वेळी तो आदल्या दिवसापेक्षा थोडा वेगळा असायचा, कारण मधल्या काळात तिला काहीतरी नवीन कळलेलं असायचं.

कळायचं कुठून? बाजारातून. मार्केटच्या बाजूला शिरसीकडची सुपारी घेऊन लॉऱ्या यायच्या. आई भाजीची पिशवी घेऊन जायची आणि सुपारीच्या दुकानापाशी उभ्या असलेल्या लॉरीवाल्यांना विचारायची, पूल आहे की वाहून गेला, पाणी कुठे चांगलं, हत्ती कुठे उतरतात. माझ्या आईचं कन्नड धारवाडच्या वळणाचं, ते ऐकून इकडचे लोक हसत. पण ते लॉरीवाले तिकडचेच, ते खुश व्हायचे. एकदा तर एकाने तिला “अक्का, तुम्ही ऊरच्या, आमच्या गावाकडच्या आहात होय” म्हणून स्टूल दिलं. मी पिशवी धरून शेजारी उभी. घरात खाली मान घालून वावरणारी माझी आई तिथे लॉरीच्या चाकाला टेकून बोलत होती, हात हलवून रस्त्याची वळणं दाखवत होती. मला तेव्हा कळलं की ही बाई कुठूनतरी आलेली आहे. म्हणजे आमची आई होण्याआधी ती कुणीतरी होती.

घरात चिवड्यासाठी अवरेकाईचे दाणे तळले जात होते. दोनदा सोललेले, शेंग काढून आणि मग वरचं साल काढून, त्यामुळे आम्हा पोरींच्या नखांत हिरवा वास कायमचा. दशम्या कधी करायच्या, पुळियोगरेचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा मसाला कुठल्या डब्यात, पाण्याची कॅनव्हासची पिशवी बंपरला कशी बांधायची. अण्णाही हळूहळू पेटले. कचेरीतून आले की कोट न काढता ओट्यावर उकिडवे बसायचे आणि पुसट झालेल्या रांगोळीवर बोट ठेवून विचारायचे, इथे डावीकडे ना? आई डबे पुसता पुसता म्हणायची, उजवीकडे, डावीकडे गेलात तर समुद्रात जाल. अण्णा “सरी” म्हणायचे. इतकी वर्षं संसार झाल्यावर नवराबायको एकमेकांशी बोलायला लागलेले मी तेव्हा पाहिले. त्याची गोडी अजून माझ्या मनात आहे.

आत्या हे सगळं बघत होती आणि पंचांगही बघत होती. अण्णांची रजा बुधवारी सुरू होत होती आणि बुधवारी उत्तरेला दिशाशूळ. त्या दिवशी उत्तरेकडे निघायचं नाही. मग आत्याने जुना उपाय काढला, प्रस्थान ठेवायचं. म्हणजे आधीच्या चांगल्या दिवशी, ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या एखाद्या घरी आपलं गाठोडं नेऊन ठेवायचं. त्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावरची एकेक वस्तू. गाठोडं गेलं की माणूस निघाला असं धरतात. मग प्रत्यक्ष जाताना ते तिथून उचलून पुढे न्यायचं. घरी परत आणायचं नाही, तो मोठा अपशकुन. आत्याने आम्हा सगळ्यांना बसवून हा नियम घटवून घेतला. अण्णांचं उपरणं, आईचा खण, अक्काची आणि माझी रिबीन, सगळं बांधून सोमवारी मल्लेश्वरमला अण्णांच्या कचेरीतल्या स्नेह्यांकडे पोचतं केलं.

आणि मंगळवारी सकाळी गाडीने घात केला. थंडीत ती हँडल मारून सुरू करावी लागायची. अण्णांनी जोर लावला, हँडल उलटं फिरलं आणि त्यांच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं. दुपारपर्यंत त्यांचा हात पांढऱ्या प्लास्टरमध्ये गळ्यात आला. अण्णा दुखण्यापेक्षा शरमेनेच जास्त कोमेजले होते. आत्याने त्यांना दूधहळद दिली आणि मग म्हणाली की झालं ते झालं, देवाच्या मनात नाही. मल्लेश्वरमला निरोप धाडा आणि गाठोडं आणून घ्या, त्या तांदळाची खीर करू.

आई स्वयंपाकघरात होती. तिने हात धुतले, पुसले, बाहेर आली. तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता.

“वन्सं, प्रस्थान गेलंय. म्हणजे मी निघालेय. या घरात मी आता नाही, तुम्हीच सांगितलंत.”

असं म्हणून तिने आपली वळकटी, रॉकेलचा स्टोव्ह आणि प्रवासाचे डबे उचलले आणि ओट्यावर जाऊन बसली. भर रस्त्यावर, चामराजपेटेत! येणारेजाणारे थांबून विचारायचे, काय अम्मा, इथे का? ती हसून सांगायची, ऊरिगे होरटिद्दीनि, गावाला निघालेय. कुणाला वाटलं चेष्टा, कुणाला वाटलं डोकं फिरलं. ती मजेत स्टोव्हवर भात चढवून शेंगा सोलत होती. रागाचं नाव नाही. भांडली असती तर आत्याने तिला केव्हाच गप्प केलं असतं. पण आत्याच्याच नियमाने वागणाऱ्या बाईला आत्या काय बोलणार?

जेवायची वेळ झाली. आत्याने आत पानं मांडली. अक्का माझ्याकडे बघून म्हणाली की रिबिनी तर आपल्याही गेल्यात. आम्ही दोघी बाहेर येऊन आईशेजारी बसलो. आत अण्णा आणि आत्या. मग अण्णा एका हातात ताट धरून बाहेर आले, प्लास्टरचा हात सांभाळत ओट्यावर टेकले आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, “उपरणं माझंही गेलंय.” आईने त्यांच्या पानात भात वाढला. ती खाली बघत होती, पण तिचे कान लाल झाले होते. अण्णांचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता आणि नंतरही क्वचितच वाटला.

अशी आमची सगळी वरात ओट्यावर आणि आत्या एकटी घरात. प्रश्न मात्र होता तिथेच होता, गाडी चालवणार कोण? तेव्हा अक्का म्हणाली, मी. ती कॉलेजात होती. अण्णांनी हौसेने तिला रविवारी सकाळी मैदानावर गाडी शिकवली होती, लायसनही काढून दिलं होतं; पण मैदानाबाहेर फारशी कधी गाडी नेलेली नव्हती. आत्या दारापर्यंत आली. पोरीचं लग्न व्हायचंय, लोक काय म्हणतील, हे तिने सुनावलं. आई म्हणाली, “म्हणू देत. बघायला येतील त्यांना आपणच सांगू, आमची मुलगी रानातून गाडी आणते.” माझ्या लेखी या वाक्याला तोड नाही. माझ्या लग्नात, माझ्या मुलीच्या लग्नात, पुढे नातीच्या वेळी, प्रत्येक वेळी ते मला आठवलं आहे.

पण अण्णा जातीचे कारकून. नुसतं म्हटलं म्हणून कागद पुढे सरकवणार नाहीत. संध्याकाळी ते अक्काला घेऊन बसवनगुडीच्या चढावर गेले. मीही मागच्या सीटवर. चढाच्या मध्यावर तिला गाडी थांबवायला लावली, खाली उतरले आणि मागच्या चाकामागे एक नारळ ठेवला. गाडी जागेवरून पुढे गेली पाहिजे, नारळ फुटता कामा नये. रस्त्याच्या कडेला माणसं जमली. एक म्हातारे गृहस्थ तर छत्रीवर रेलून निवांत उभे राहिले. अक्काने ओठ आवळले, ब्रेकवरून पाय काढला, गाडी एक कण्हल्यासारखा आवाज करून थरथरली आणि पुढे सरकली. नारळ जागच्या जागी. अण्णांनी तो डाव्या हाताने उचलला, पुसला आणि काखेत घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीसमोर तोच फोडला.

हँडल दूधवाल्याने मारून दिलं. आम्ही बसलो, तेवढ्यात आत्या बाहेर आली. हातात छोटी ट्रंक, घराला कुलूप. घरात एकटी भुतासारखी बसून काय करू, म्हणाली, आणि मागच्या सीटवर चढली. आईने सरकून तिला खिडकीची जागा दिली. मल्लेश्वरमला गाठोडं उचललं, तेव्हा आत्याने आपला एक हातरुमाल त्यात सारला. कुणी पाहिलं नाही असं तिला वाटलं असावं. मी पाहिलं.

आजही मी डोळे मिटले की तो रस्ता जसाच्या तसा दिसतो. आईची रांगोळी इतकी बरोबर होती की अण्णांना विचारायची वेळच आली नाही. शिमोग्याला मुक्काम, शिरसीला मुक्काम. शिरसी सोडल्यावर धुकं होतं. अक्काचा चेहरा काचेला टेकलेला, हात स्टिअरिंगवर पांढरे पडलेले. अण्णा हलक्या आवाजात सांगत होते, आता गिअर बदल, आता हॉर्न दे. धुकं वर चढलं तशी झाडं दिसायला लागली. ऐन, किंदळ, जांभा, साग. आई एकेक नाव घेत होती, नातेवाइकांची ओळख करून द्यावी तशी. यल्लापूरच्या पुढे तिने गाडी थांबवायला सांगितली आणि इंजिन बंद करवलं. बांबूच्या बेटात वारा करकरत होता. ओल्या पानांचा वास. मग डोक्यावरून काहीतरी मोठं गेलं, पंखांचा आवाज असा की कुणी सुपाने पाखडतंय. धनेश, आई म्हणाली, नेहमी जोडीने येतो. दुसरा गेला. आई अनवाणी रस्त्यावर उभी होती, मान वर करून, पदर खांद्यावरून घसरलेला, आणि तो सावरायचं तिला भान नव्हतं. आत्या गाडीतून उतरून तिच्याकडे बघत होती. झाडांकडे नाही, आईकडे.

मुलगा म्हणतो, आई, तू हे सगळं रंगवून सांगतेस. असेल. पण अवरेकाईचा वास आला की हे सगळं आपोआप येतं, मी बोलावत नाही. शहरातल्या माणसाला वाटतं की रान बघायला जायचं म्हणजे झाडं, धबधबे, जनावरं बघायला. आम्ही मात्र एका माणसाला बघायला गेलो होतो. ते माणूस रोज आमच्या घरात होतं, आम्हाला वाढत होतं, आणि त्याला बघायला आम्हाला शेकडो मैल जावं लागलं. या सुट्टीत मुलासुनेबरोबर जाईन मी. त्यांना एवढं विचारीन की तुमच्यातलं कोण कुठून आलंय ते एकमेकांना ठाऊक आहे ना.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलत होती. खाचरं कापून झालेली, खळ्यावर भाताच्या उडव्या. मोटारीचा आवाज ऐकून सगळं गाव गोळा झालं होतं. अक्काने गाडी थेट अंगणात आणून उभी केली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. आजोबा काठी टेकत उंबऱ्यापाशी आले. धोतर स्वच्छ धुतलेलं, खांद्यावर घोंगडी. आधी अण्णांना हात जोडले, मग आत्याला. म्हणाले, आम्ही रानातली माणसं, काही कमीजास्त झालं तर गोड मानून घ्या.

आत्याने पदर डोक्यावर घेतला. तिने अंगणाकडे पाहिलं, त्याच्या मागच्या फणसांकडे, त्यांच्याही मागे आभाळापर्यंत गेलेल्या हिरव्याकडे. मग आईचा हात धरला. इतक्या वर्षांत तिने आईचा हात धरलेला मी पाहिला नव्हता.

“एवढं सगळं सोडून ही आमच्या गल्लीत येऊन राहिली,” ती आजोबांना म्हणाली, “आणि एकदाही बोलून दाखवलं नाही हो. आम्हीच यायला फार उशीर केला.”

आणि तिने उजवं पाऊल उंबऱ्याच्या आत टाकलं.

आजोबांनी घराच्या आत तोंड वळवलं आणि त्या वयात एवढा आवाज कुठून काढला कोण जाणे, खळ्यावरची माणसं वळून बघायला लागली.

“पाणी आणा गं पाय धुवायला,” ते ओरडले, “माझ्या मुलीच्या सासरची माणसं आलीत!”